इरुमाहून आलेला पाचवा डबा

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूतखेत, आत्मे, संकेत यातलं मी काहीही मानत नाही. "मानत नव्हते" असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आजही "मानते" म्हणताना माझी जीभ अडखळते. सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत, बेलव्ह्यूला, सिएटलच्या शेजारी. कोणी म्हणालं अमुक झालं, की माझा पहिला प्रश्न – पुन्हा करून दाखव. आमच्या मंडळाच्या पॉटलकला जेवणं उरकली की कोणीतरी असल्या गोष्टी सुरू करतंच, आणि मी मध्येच विचारते, "काका, तेव्हा तुम्ही चष्मा लावला होता का?" त्यामुळे हल्ली विषय निघाला की मला भांडी आवरायला किचनमध्ये पाठवतात.

तर आता माझीच पाळी आली आहे. विवेक, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "लिहून काढ यार एकदा, नाहीतर मलाच रोज सांगत बसशील." म्हणून लिहितेय. जसं झालं तसं.

माझं माहेर नागपूरचं. बाबा हिंगण्याला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मी तीन वर्षांची असताना कंपनीने त्यांना नवीन मशिन शिकायला चार महिने जपानला पाठवलं. टोकियोपासून तासाभरावर इरुमा म्हणून एक शहर आहे, तिथे. शहर म्हणायचं एवढंच... शांत घरं, शाळा, लहान लहान कारखाने आणि घरांना लागूनच चहाचे मळे. बाबा एका चहाच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहायचे. त्या चार महिन्यांच्या गोष्टींवर त्यांनी पुढची चाळीस वर्षं काढली. पाहुणे आले की इरुमा, मुंज असो की बारसं, इरुमा.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे पंखे. "तिथे शेताला पंखे लावतात! उंच खांबावर, ओळीने!" थंडीत चहाच्या कोवळ्या पानांवर दव गोठू नये म्हणून वरची जरा उबदार हवा हे पंखे खाली ढकलतात, असं ते समजावून सांगायचे. आमच्या मोहल्ल्यात कोणाचाही विश्वास बसला नाही. नागपूरच्या मे महिन्यात माणसांना पंखा पुरत नाही आणि हे म्हणतात शेताला पंखे! आई तर सरळ म्हणायची, "काहून फेकून राहिले हो एवढं."

आईचा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. तिच्या लग्नात तिच्या मामांनी तिला स्टीलच्या सात डब्यांचा सेट दिला होता, एकात एक बसणारा. प्रत्येकावर मशिनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं – "चि. सौ. कां. कुसुम हिस मामाकडून सप्रेम भेट." जपानला जाताना बाबांनी त्यातला पाचवा डबा बेसनाचे लाडू भरून नेला, आणि येताना आणलाच नाही.

कारण ऐका. लाडू त्यांनी दुकानाच्या मालकीणबाईंना दिले, डब्यासकट. देताना मोठ्या कौतुकाने सांगितलं की आमच्यात आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. झालं! त्या बाईंनी ते फारच मनावर घेतलं. म्हणाल्या, मग नवीन चहा निघाला की भरून देते. नवीन चहा निघणार मे महिन्यात, बाबांचं विमान मार्चमध्ये. पोस्टाने पाठवते म्हणाल्या, तर बाबा म्हणाले, "पोस्टाने नको, हरवेल. कोणीतरी येईल न्यायला."

"कोण येणार होतं? तुमचा काका?" आई विचारायची. "चिमूटभर साखर घालून आणला असता की तोच डबा!"

"येईल गं," बाबा हसायचे. "रिकामा येणार नाही."

पाचवा नसल्यामुळे चौथ्या आणि सहाव्यामध्ये जागा राहायची आणि सेट उचलला की खडखडायचा. दिवाळीच्या फराळाला डबे निघाले की आधी ती खडखड, मग आईचं बोलणं. आमच्या घरात दिवाळी तशीच सुरू व्हायची.

आता जे लिहायचंय ते चार वर्षं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विवेकलाही नाही.

मी अमेरिकेत आल्यापासून बाबा रोज फोन करायचे. माझी सकाळ साडेसात, त्यांचे रात्रीचे आठ. त्यांचं जेवण झालेलं असायचं, माझं आधण चढलेलं असायचं. पहिलं वाक्य ठरलेलं – "चहा झाला का?" मी म्हणायचे, झाला किंवा होतोय. मग हवा-पाणी, माझ्या लेकीची, तन्वीची शाळा, आईची तक्रार. चार-पाच मिनिटं, बस्स.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्या वेळेला आमचा रिलीज अडकला होता. मी कॉलवर, समोर वीस माणसं, सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. बाबांचा फोन आला. मी कट केला आणि टाइप केलं, "मीटिंग. नंतर करते." तिकडून अंगठा आला. आणि मी विसरले. रिलीज झाला, लंच झाला, कोणीतरी केक आणला होता तो खाल्ला. आठ तास होते माझ्याकडे. साडेतीनला आईचा फोन आला... तिकडे पहाटेचे चार. बाबा झोपेतच गेले होते.

नागपूरला पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आई रडून झाल्यावर एवढंच म्हणाली, "रात्री जरा जळजळ होऊन राहिली म्हणत होते. मग म्हणाले, नीलूला फोन लावतो, बोलायचंय."

बोलायचंय. काय बोलायचं होतं? छातीत दुखत होतं ते सांगायचं होतं? निरोप घ्यायचा होता? मी उचलला असता आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं असतं, मी आईला म्हटलं असतं की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने... हे सगळं मी चार वर्षं रोज सकाळी साडेसातला स्वतःला विचारत होते. चहा तर सोडूनच दिला. आधणाचा आवाज सहन होईना. सिएटलला सगळे कॉफीच पितात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी एकटीच निघाले. सिएटल ते टोकियो, मग दिल्ली, मग नागपूर. टोकियोत फक्त विमान बदलायचं होतं, विमानतळाबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. उतरले तर पुढची फ्लाइट कॅन्सल! विमानात काहीतरी बिघाड. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या विमानाची सीट दिली आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात पाठवलं. मी चरफडत झोपले.

सकाळी ब्रेकफास्टला बसले होते. समोर कपात हिरव्या चहाची पिशवी सोडून ठेवलेली, मी तिला हात लावला नव्हता. नुसती बघत होते, आणि एकदम डोक्यात आलं – इरुमा. नकाशात पाहिलं, दोन तास. माझ्याकडे अख्खा दिवस होता. अमेरिकन पासपोर्ट आदल्याच वर्षी हातात आला होता, त्यामुळे जपानच्या व्हिसाची कटकट नव्हती. आधीचा असता तर मी हॉटेलच्या खोलीत भिंती बघत बसले असते.

हे नीट लक्षात ठेवा. आपण इरुमाला जाणार हे मला स्वतःला त्या सकाळी नऊला कळलं. विवेकला सांगितलं नाही, तो ऑफिसच्या कामात होता आणि फ्लाइट गेल्यामुळे मी आधीच त्याचं डोकं खाल्लं होतं. आईला सांगितलं नाही, तिने "एकटी कुठे फिरून राहिली?" म्हणून काळजी केली असती. माझा हेतूही साधा होता. पंखे बघायचे, फोटो काढायचा, आईला दाखवायचा आणि म्हणायचं, बघ, बाबा फेकत नव्हते.

दोनदा गाडी बदलून इरुमाला उतरले. स्टेशनवरच्या मुलीला मोबाइलवर चहाच्या मळ्याचा फोटो दाखवला, तिने बाहेर येऊन बसचा थांबा दाखवला. बसमध्ये मी आणि तीन म्हाताऱ्या बायका. पंधरा मिनिटांनी घरं विरळ झाली आणि ड्रायव्हरने मागे वळून मला हात केला, इथे.

उतरले आणि बघतच राहिले. कमरेएवढी चहाची झुडपं, वरून सपाट छाटलेली, ओळीच्या ओळी, पार दूरपर्यंत. झुडपांना बारकी पांढरी फुलं, मध्ये पिवळी. आणि ओळींमधून उंच खांब, प्रत्येक खांबावर पंखा. शेकडो पंखे! सगळे बंद, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आवाज म्हणून नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने म्हणाले, "अहो बाबा, खरंच की!" आणि मग तिथेच रडले. ऐकायला कोणी नव्हतं, ते बरं झालं.

मग रस्त्याने चालायला लागले. दुकान शोधायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीचं दुकान, नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. पाच-सात मिनिटं चालले असेन. एका वळणावर जुनं दुमजली घर, खाली दुकान, दारात एक अगदी वाकलेली आजी उभी. ऐंशी तर नक्कीच ओलांडलेली. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी रस्त्याकडे बघत होती. मी जवळ आले तशी ती दोन पावलं पुढे आली.

"नीरू-सान?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कोणी नव्हतं. 'ल'चा 'र' झाला होता, पण नाव माझंच होतं.

आजीने माझा हात धरला, वर माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली –

"चहा... झाला... का?"

मी तिथे दुकानाच्या पायरीवर बसले. आतून एक बाई धावत आली, माझ्याहून थोडी मोठी. ही त्या आजींची सून. तिला जुजबी इंग्रजी येत होतं, बाकीचं ती मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपला सांगायची आणि ॲप मला इंग्रजीत ऐकवायचं. आमचं सगळं बोलणं असंच झालं. मी इथे सरळ मराठीत लिहिते.

त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं. आजींनी सुनेला काहीतरी फर्मावलं, ती पाणी उकळायला ठेवून आली. मी विचारलं, तुम्हाला माझं नाव कसं माहीत? आणि ते... ते वाक्य?

"वाक्य तर जुनं आहे," आजी म्हणाल्या. "तुझे वडील वर माडीवर राहायचे. रोज सकाळी जिन्यावरून उतरताना आम्हाला विचारायचे. माझे यजमानसुद्धा शिकले होते. आम्ही एकमेकांना तसंच विचारायचो, ते गेले तोपर्यंत."

"आणि नाव?"

"काल फोन आला ना."

मी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, चालायचंच. पण सून मान हलवत होती. "फोन मीच उचलला होता," ती म्हणाली. "काल सकाळी अकराला. परदेशी माणसाचं जपानी होतं, पण जुन्या वळणाचं, फार अदबीचं. सासूबाईंना द्या म्हणाले."

काल सकाळी अकराला मी पॅसिफिकच्या मधोमध होते. विमानातलं वायफायसुद्धा घेतलं नव्हतं. माझी पुढची फ्लाइट तेव्हा कॅन्सल झालेली नव्हती.

आजी पुढे सांगायला लागल्या. चेहरा नुसता खुलला होता. "मी फोन घेतला आणि पलीकडून – चहा झाला का? मी लगेच ओळखलं! म्हटलं, अहो, होता कुठे इतकी वर्षं? ते हसले. म्हणाले, उद्या माझी मुलगी येईल, नीलू, दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. बरेच दिवस चहा प्यायलेली नाहीये. तिला चहा द्या. आणि तो डबा द्या, बायको अजून विचारते."

डबा!

सून उठली. काउंटरच्या मागच्या फळीवरून तिने डबा आणला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. स्टीलचा, घासून लख्ख. ठिपक्याठिपक्यांनी – चि. सौ. कां. कुसुम हिस. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. लहानपणी बाकीच्या सहा डब्यांवरून फिरवायचे तसंच.

"लग्न होऊन या घरात आले त्याला तीस वर्षं झाली," सून म्हणाली. "दर मे महिन्यात नवीन चहा निघाला की या डब्यातला जुना चहा काढून आम्ही पिऊन टाकतो आणि नवीन भरतो. सासूबाईंनी सांगितलं होतं, कोणीतरी न्यायला येणार आहे, आणि डबा रिकामा द्यायचा नाही." तिने झाकण उघडलं. आत या वर्षीचा चहा होता.

चाळीसच्या वर मे महिने. चार महिन्यांची ओळख, आणि चाळीस वर्षं या बायका आमचा डबा भरत होत्या.

मला अजून एक विचारायचं होतं. आजीच म्हणाल्या, "मी जरा रागावलेच त्यांच्यावर. म्हटलं, मुलगी तुमची, मग मला कशाला सांगता? तिलाच फोन करा ना. तर हसायला लागले."

"काय म्हणाले?"

आजी सुनेशी बोलल्या, सून मोबाइलशी बोलली. मोबाइल आपल्या त्या सपाट आवाजात बोलला –

"केला होता. ती मीटिंगमध्ये होती. विशेष काही नव्हतं हो, चहाचंच विचारायचं होतं."

खरं सांगते, मी ओरडून रडले. परक्या देशात, परक्यांच्या दुकानात, पन्नाशीकडे झुकलेली बाई, नाक पुसायचं भान नाही. मी फोन कट केला होता हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. विवेकला नाही, आईला नाही. मला आणि बाबांना, बस्स.

आजी घाबरल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारायला लागल्या, वडील बरे आहेत ना? मग मला सांगावंच लागलं. म्हटलं, आजी, बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

मोबाइलने भाषांतर केलं. सून पांढरीफटक पडली, हातातली किटली तिने खाली ठेवली. आजींनी मात्र खिडकीतून मळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असं होय... मग फोन लावायला त्यांना फार खटपट पडली असेल." आणि डब्याकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून, त्या खाली वाकल्या. आभार मानतात तशा.

चहा आला. छोट्या कपात, हिरवा, ना दूध ना साखर. आपल्या चहाशी त्याचं काही नातं नाही, पण गरम होता. मी चार वर्षांनी चहाचा कप तोंडाला लावला. सगळा प्यायले आणि म्हणाले, "झाला, बाबा." मोबाइलने त्या मराठीचंही इमानदारीने काहीतरी जपानी करून टाकलं, आणि आम्ही तिघीही रडता रडता हसलो.

आता देऊ काय? माझ्या हँडबॅगेत प्रवासासाठी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, सहा उरलेल्या. त्याच दिल्या. आजींनी अख्खी पुरी खाल्ली, तिखट लागून डोळ्यात पाणी आलं, तरी दुसरी घेतली. लाडू जास्त गोड होते म्हणाल्या. चाळीस वर्षांपूर्वीचे!

निघण्याआधी माझ्यातली टेस्टर जागी झालीच. मी सुनेला विचारलं, फोनची यादी बघता येईल का? दुकानाचा फोन बऱ्यापैकी नवा होता, आलेले फोन स्क्रीनवर दिसायचे. तिने कालची यादी काढली. सकाळी सव्वानऊला एक गिऱ्हाईक, संध्याकाळी पाचला आजींचा दवाखाना. मध्ये काहीच नाही. तिने दोनदा वर-खाली करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पण मी उचलला होता," ती म्हणाली. मी म्हटलं, माहितेय.

सुनेने मला स्वतःच्या गाडीने स्टेशनवर सोडलं. ट्रेन हलेपर्यंत फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. डबा मी मांडीवर घेऊन बसले होते, विमानतळापर्यंत आणि मग दिल्लीपर्यंत.

नागपूरला पोहोचले तेव्हा आईचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी ठरवलं, आत्ता काही सांगायचं नाही, उगाच बीपी चढेल. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली. सगळं लख्ख दिसतंय म्हणून स्वारी खुशीत, भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्यावरून मला बोलून झालं होतं. तेव्हा मी डबा तिच्या हातात दिला. तिने उलटासुलटा केला, खिडकीशी नेला आणि एकेक अक्षर वाचलं. मग पहिलं काय विचारलं असेल?

"रिकामा तर नाही ना आणला?"

मग मी सगळं सांगितलं. इरुमा, आजी, फोन. आणि तो कट केलेला फोनही. चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं. म्हटलं, आई, तूच म्हणाली होतीस ना, बोलायचंय म्हणाले होते म्हणून...

आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं पोरी, ते तर रोजच म्हणायचे. जेवण झालं की रोज – नीलूला फोन लावतो, बोलायचंय. वीस वर्षं हेच ऐकून राहिली मी. त्यात बोलायचं काय असायचं? चहा झाला का, एवढंच तर विचारायचे!" मग तिने मला जवळ घेतलं. "चार वर्षं हे घेऊन बसली होतीस होय? मला नाही विचारायचं एकदा?"

संध्याकाळी तिने माळ्यावरून सेट काढायला लावला. पाचवा आत बसवला. सेट उचलून कानाशी हलवला. खडखडला नाही. "येईल म्हणत होते," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावायला गेली तर मीच ओरडले, आई, डोळ्याला हात लावायचा नाही!

परत निघायच्या आधी आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात गेलो. नवा डबा घेतला, त्यावर कोरून घेतलं – "इरुमाच्या आजींस, कुसुमकडून." बेसनाचे लाडू भरून पाठवला. या वेळी कुरिअरने! साखर थोडी कमी घातली.

आता स्पष्टीकरण. मी सगळं तपासून पाहिलं आहे, कोणी सांगायची गरज नाही. कोणी गंमत केली म्हणावं, तर मी तिथे जाणार हे मलाच माहीत नव्हतं. आजींनी मनाने रचलं म्हणावं, तर फोन सुनेने उचलला. दोघींनी मिळून रचलं म्हणावं, तर मीटिंगचं त्यांना कोण सांगणार? बाबांनी कधीकाळी पत्रातून माझं नाव कळवलं असेल, डबा तर तिथे होताच, इथपर्यंत मीही जुळवू शकते. पण "केला होता, ती मीटिंगमध्ये होती" याच्यापुढे माझं गाडं अडतं. आमच्या कामात पुन्हा करून दाखवता आलं नाही की ती नोंद बंद करून टाकतात. ही मी बंद केलेली नाही. उघडीच राहू दे. मला उत्तर मिळालं नाही, पण जे मिळालं त्याबद्दल मी त्या दोघींची आणि जो कोणी फोनवर होता त्याची जन्मभर ऋणी आहे.

एक शेवटचं. तन्वी आता कॉलेजला दुसऱ्या राज्यात असते. मी परत आल्यापासून रोज सकाळी चहा टाकते आणि तिला फोन लावते. परवा तिने कट केला. लगेच मेसेज आला – "इन क्लास आई. कॉल यू लेटर?" मी अंगठा पाठवला. दिवसभर तिचा फोन आला नाही. विसरली असणार.

आणि तेव्हा, हातात कप घेऊन किचनमध्ये उभी असताना, मला कळलं की त्या मंगळवारी अंगठा पाठवताना बाबांना कसं वाटलं असेल. काहीसुद्धा वाटलं नसेल. पोरगी कामात आहे, बरी आहे, उद्या विचारू, एवढंच. कारण मलाही तेवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी पुन्हा फोन लावला, तिने उचलला, आणि मी विचारलं,

"काय गं, चहा झाला का?"